तिसऱ्या रकान्यातली सही

९ फेब्रुवारी

शहाणे,

त्या सकाळी नळावर माझा नंबर तिसरा होता. एका हातात ह्यांचा टॉवेल, दुसऱ्या हातात बादली, आणि पुढची बाई अख्ख्या घरादाराचं धुणं घेऊन बसलेली. मी म्हटलं, "बाई, इथं पेशंट बघायला आलात की राहायला आलात?" ती हसली आणि तिनं मला आधी भरू दिलं. टॉवेल धुतला, वॉर्डाच्या खिडकीच्या गजावर वाळत घातला. आयाबाईंच्या मदतीनं ह्यांना डाव्या कुशीवर वळवलं. टाचांना तेल लावलं. उजव्या हाताची नखं कापली, डाव्या हाताची उद्या कापू म्हटलं. मग खालच्या स्वयंपाकघरात जाऊन दूध गरम केलं, दोनदा गाळलं, आणि मनगटावर थेंब टाकून पाहिला, तान्ह्या मुलाला देताना पाहतात तसा.

अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांना गिळता येत नव्हतं हे तुला माहीतच आहे. नाकातून पोटात गेलेल्या नळीवरच सगळं चाललं होतं, आणि आदल्या संध्याकाळी ती त्यांनी स्वतःच ओढून काढली होती. नवी घालायला ती मुलगी आली. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची. तिनं नळी घातली. दूध गेलं. दहा मिनिटांत ह्यांचे ओठ निळे पडले. पुढचं तू पाहिलंस. दूध पोटात गेलंच नव्हतं, फुप्फुसात गेलं होतं. त्यानंतर सहा दिवस ते जगले, त्याला जगणं म्हणायचं असेल तर.

तू फोन करतेस आणि मी नुसतं "हं, हं" करून ठेवून देते, त्याचा राग मानू नकोस. फोनवर मला रडू फुटतं, कागदावर फुटत नाही. ती खाट तू मिळवून दिलीस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. बहीण गेल्यावर तुला सात वर्षांची उचलून आणली तेव्हापासून तू आमचीच आहेस. त्यांच्यासाठी तू जेवढं केलंस तेवढं पोटच्या मुलांनीही केलं नसतं.

पण त्या मुलीला सोडू नका. तुझ्या कॉलेजात, जिथं तू चौदा वर्षं ह्या मुलींना शिकवतेस, तिथून अशी मुलगी बाहेर पडतेच कशी? माणूस म्हणजे काय शिवणयंत्र आहे, बसेल तेव्हा हात बसेल म्हणायला?

आणि एक कर. ह्या मुलींनी काय काय शिकायचं असतं ते कुठं छापलेलं असेलच. ते मला पाठव. तुला काय कळणार म्हणू नकोस. ह्यांच्याकडं बाइंडिंगला आलेल्या पुस्तकांच्या सुट्या छापील फर्म्यांवर मी वाचायला शिकले. निम्मी पुस्तकं मधूनच सुरू झाली आणि मधेच संपली, तरी मला कळलीच की.

तुझी
मावशी

१६ फेब्रुवारी

मावशी,

पाकिटावरचं तुझं अक्षर आधी पाहिलं. काकांनी शिकवलेलं अक्षर, त्यांच्यासारखाच 'ल' काढतेस.

तू म्हणतेस ते पाठवते आहे. 'परिचर्या शिक्षणातील मूलभूत क्षमता' नावाची पुस्तिका आहे. वाचायला रुक्ष आहे, डोळे दुखतील. खरं सांगू, त्यात शिरू नकोस. दुःखातल्या माणसानं असल्या गोष्टी उकरत बसलं की जखम भरत नाही. हे मी पंधरा वॉर्ड फिरून पाहिलेलं आहे.

चौकशी समिती नेमली आहे. प्राचार्यबाई स्वतः आहेत, दोन डॉक्टर आहेत. तुला पत्र येईल, २४ मार्चला तुझा जबाब आहे. जास्त काही सांगावं लागणार नाही. मुलगी आली, तिनं नळी घातली, मग त्रास सुरू झाला, एवढंच. बाकीचं कागदांवर आहेच.

त्या मुलीला सोडणार नाहीत, तू निश्चिंत राहा. तिचं लॉगबुक समितीपुढं आहे. प्रत्येक कौशल्यापुढं तीन रकाने असतात: पाहिलं, मदतीनं केलं, स्वतः करते. नळीच्या ओळीत तिचे तिन्ही रकाने भरलेले आहेत. म्हणजे तिला येत नव्हतं असं नाही. येत होतं आणि लक्ष नव्हतं. हा निष्काळजीपणा आहे, आणि निष्काळजी मुलीची ह्या पेशात जागा नाही. बहुधा तिचं नाव कायमचं कमी होईल, दुसरीकडंही प्रवेश मिळणार नाही.

इथं परीक्षा तोंडावर आल्या आहेत. एका वर्गात साठ मुली, आणि शिकवणाऱ्या आम्ही तिघी. जेवायला बसले की कुणीतरी वही घेऊन सहीला उभी.

नीट जेव. एकटीसाठी काय करायचं म्हणून चहावर दिवस काढू नकोस.

तुझी
शहाणी

१ मार्च

शहाणे,

पुस्तिका दोनदा वाचली. पहिलीच क्षमता आहे 'रुग्ण व नातेवाइकांशी सुसंवाद साधणे'. मला वाटलं, ह्या हिशेबानं नळावरच्या सगळ्या बायका पदवीधर व्हायला हव्यात. 'रुग्णाची प्रतिष्ठा जपणे' इथं मात्र थांबले. आयाबाई पडदा न ओढता ह्यांचं धोतर बदलायच्या आणि हे डोळे मिटून घ्यायचे, ते आठवलं.

सातवी क्षमता मी उतरवून काढली आहे. 'स्वतःच्या ज्ञानाची मर्यादा ओळखणे आणि वेळीच वरिष्ठांस विचारणे.' त्याच्यापुढंही तेच तीन रकाने. पाहिलं, मदतीनं केलं, स्वतः करते. मर्यादा मदतीनं कशी ओळखतात ग? पण वाक्य चांगलं आहे. हे एकच वाक्य शिकवलं आणि बाकी सगळं फाडून टाकलं तरी चालेल.

आता दुसरं. परवा ती मुलगी आली होती.

दारात उभी. गणवेश नव्हता म्हणून मी ओळखलंच नाही. म्हणाली, "काकू, मी." म्हटलं, "मी म्हणजे कोण?" आणि तेवढ्यात आवाज ओळखीचा वाटला. मी दार लोटत होते. ती म्हणाली, "पाच मिनिटं, काकू. मारायचं असेल तर मारा."

"तुला मारून काय, माझाच हात दुखेल," मी म्हटलं, आणि का कोण जाणे, दारातून बाजूला झाले.

खुर्चीच्या कडेवर बसली, कधी उठ म्हणतील अशी. माफी मागायला आले म्हणाली. मी म्हटलं, "माफीचं नंतर बघू. आधी सांग, ह्यांच्या आधी किती जणांना नळी घातली होतीस?"

"अठरा वेळा घातली होती. मामाला."

"कुठला मामा?"

"प्रात्यक्षिकाच्या खोलीतला पुतळा, काकू. रबराचा. आम्ही त्याला मामा म्हणतो. काही केलं तरी तक्रार करत नाही ना."

"आणि जिवंत माणसाला?"

ती म्हणाली, "काका पहिलेच."

"वहीत तर भरलेलं आहे म्हणे."

"सगळ्यांचं भरलेलं असतं, काकू. वॉर्डात एका नळीमागं अकरा मुली उभ्या. मागच्यांना पुढच्यांची पाठ दिसते. वर्ष संपत आलं की वह्या एकदम गोळा होतात आणि सह्या होऊन येतात."

मी म्हटलं, "मामाला घालताना कधी चुकली नव्हती?"

"तेच तर. कधीच नाही. डोळे मिटून घातली तरी पोटातच जायची. आम्ही पैजा लावायचो. मागच्या वर्षीच्या मुलींचीही कधी चुकली नाही. समितीला हेच सांगितलं तर सगळे माझ्याकडं बघत राहिले."

आणखी एक सांगितलं तिनं. नळी घातल्यावर सिरिंजनं ओढून बघायचं असतं, पोटातलं पाणी येतं का. ह्यांच्या नळीतून काहीच आलं नाही. लिटमसचा कागद वॉर्डात संपलेला. म्हणून ती सिस्टरकडं गेली. अडतीस पेशंट आणि त्या एकट्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तिसऱ्या रकान्यात सही आहे ना तुझ्या? मग मला काय विचारतेस? हवा सोडून ऐक आणि चालू कर."

म्हणजे सातवी क्षमता तिला होती, शहाणे. तिनं विचारलं होतं.

मी विचारलं, "सही कुणाची आहे?" ती म्हणाली, "मॅडमची." "कुठल्या मॅडमची?" तर म्हणाली, "असू दे काकू." उठली आणि गेली.

माझा तिच्यावरचा राग गेलेला नाही. सकाळी उठले की आधी तोच असतो, मग बाकी सगळं. पण दोन गोष्टी मला कळत नाहीत आणि तुझ्याशिवाय विचारू कुणाला? माणसाच्या घशात दोन वाटा असतात, एक पोटाची, एक श्वासाची. मग मामाला एकच कशी? आणि ती मॅडम कोण? तिघींतली एक म्हणजे तू तिला ओळखत असशीलच. तिला माझ्या वतीनं एवढंच विचार, न बघता सही करताना तिचा हात जरा तरी अडला का?

मावशी

७ मार्च

मावशी,

घाईत लिहिते.

त्या मुलीला पुन्हा घरात घेऊ नकोस. जबाबाआधी तिनं तुला भेटणं हेच नियमाबाहेर आहे. समितीनं परवा पुतळा तपासला. डॉक्टरांनी स्वतः नळी घातली, एकदा पोटात गेली, मान मागं केली तर श्वासनलिकेत गेली. माणसासारखीच. म्हणजे 'कधीच चुकत नव्हती' हे तिचं म्हणणं खोटं ठरलं आहे. मुली घाबरल्या की काहीही सांगतात. आता तर खोटं बोलल्याचाही ठपका तिच्यावर येईल.

सह्यांचं म्हणशील तर कॉलेजात शेकडो सह्या होतात. त्यात पडू नकोस.

२४ तारखेला मी तुला गाडीवर घ्यायला येईन.

शहाणी

१२ मार्च

शहाणे,

ती मुलगी खोटं बोलणारी नाही. हे मला कसं माहीत ते लिहिते. लिहायला दीड महिना उशीर झाला आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात, माझं तसंच चाललं होतं.

पहिल्या पत्रात मी तुला त्या सकाळचं सगळं सांगितलं. नळ सांगितला, टॉवेल सांगितला, नखंसुद्धा सांगितली. आणि मग लिहिलं, 'तिनं नळी घातली, दूध गेलं.' दूध आपोआप जात नाही. ते मी ओतलं.

ती सिस्टरकडून परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. डॉक्टरांची ती ऐकायची दुर्बीण ह्यांच्या पोटावर लावून तिनं नळीतून हवा सोडली, म्हणाली, आवाज येतोय. एवढ्यात हे खोकायला लागले. अशक्त खोकला, कागद चुरगाळल्यासारखा. ती थांबली. मला विचारलं, "काकू, काकांना असा खोकला नेहमी येतो का?"

मला काय घाई होती सांगू? दूध गार होत होतं. पुन्हा गरम करायचं म्हणजे खाली दोन मजले उतरायचं, तिथं रांग लावायची. ह्यांच्या पोटात आदल्या संध्याकाळपासून काही नव्हतं. आणि मला ती मुलगी बावळट वाटली. मी म्हटलं, "अग, चाळीस वर्षं सरस आणि कागदाच्या धुळीत काढलीत त्यांनी. जुना खोकला आहे. धर तू नळी, मी ओतते."

तिनं धरली. मी ओतलं. ह्यांनी उजव्या हातानं माझं मनगट पकडलं. मला वाटलं, प्रेमानं.

खोकला जुना होता, शहाणे, पण तो असा नव्हता. तेव्हा ऐकलं नाही. आता रोज ऐकते.

त्या मुलीनं हे समितीला सांगितलं असतं तर तिचं ओझं अर्धं झालं असतं. तिनं सांगितलं नाही, नाहीतर तू लिहिलंच असतंस. माझ्या घरात, माझ्यासमोर बसली होती, मी तिला उलटसुलट विचारत होते, तेव्हा तरी म्हणायचं होतं, "काकू, तुम्हीच म्हणालात ना?" तेही ती म्हणाली नाही. जिला खोटं बोलून किंवा खरं बोलून स्वतःला वाचवता येत होतं आणि जिनं दोन्ही केलं नाही, ती पुतळ्याच्या बाबतीत कशाला खोटं बोलेल?

म्हणून पुन्हा विचारते. पुतळा कसा काय बदलला?

मावशी

१९ मार्च

मावशी,

तुझं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. शेवटी आज वर्गाला कामाला लावून लिहायला बसले.

ती मॅडम मी आहे.

तुला ते कळलं असेल आणि तू मला वेळ देत असशील, असंही मनात येऊन गेलं. कळलं नसेल तर आता कळलं.

पुतळा चार वर्षांपूर्वी आला. पहिल्याच महिन्यात एका मुलीची नळी चुकली आणि पाणी त्याच्या छातीत गेलं. छाती वरखाली होण्यासाठी आत स्प्रिंग आणि पिशवी असते, ती गंजली. दुरुस्तीचा अर्ज केला, उत्तर नाही. नवा मागितला, त्यालाही उत्तर नाही. साठ मुलींमागं एक पुतळा, तोही गेला तर शिकवू कशावर? म्हणून मी श्वासनलिकेच्या तोंडात कापसाचा बोळा घातला आणि वरून डिंक लावला. तात्पुरता. मुलींना सांगायचं होतं की बाई ग, खऱ्या माणसात ही वाट उघडी असते. पहिल्या वर्षी सांगितलं. नंतर सांगायचं राहून गेलं.

आणि खरं सांगते, बरं वाटायला लागलं होतं. तपासणीला आलेले लोक म्हणायचे, ह्या कॉलेजात नळीच्या परीक्षेत एकही मुलगी नापास नाही. प्राचार्यबाईंनी सभेत माझं नाव घेतलं. चार वर्षं, चार वर्ग. दोनशे चाळीस मुली झाल्या असतील. सगळ्यांच्या तिसऱ्या रकान्यात माझी सही आहे. काकांना नळी घालायला ती मुलगी गेली तेव्हा तिच्या खिशात माझी सही होती.

पुतळा तपासणार हे मला आदल्या दिवशी कळलं. सकाळी सगळ्यांच्या आधी आले. चिमट्यानं बोळा काढला. पिवळा पडून दगडासारखा झाला होता. सिंकमध्ये धुऊन पुतळा पुसला आणि चादर घातली. अर्ध्या तासानं डॉक्टर आले.

तू म्हणशील, ही शिकवते तरी काय? मीही तेच म्हणते.

पण मावशी, आता माझं ऐक. काका परत येणार नाहीत. मी बोलले तर माझी नोकरी जाईल, नोंदणी जाईल, चौदा वर्षं जातील, वर पोलीसही येतील. ती मुलगी एकोणीस वर्षांची आहे, ती दुसरं काहीतरी शिकेल. मी चाळिशीची बाई काय शिकू? मी बोळा काढला आहे. ह्यापुढं एकेकीला वॉर्डात उभी करून शिकवीन, डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करणार नाही, ह्याची शपथ घेते. मी राहिले तर निदान हे तरी होईल.

आणि तुझंही तेच आहे ग. खोकल्याचं तू बोललीस तर तुलाही प्रश्न विचारतील. लोक काय म्हणतील? नवऱ्याला हातानं मारलं म्हणतील. तुझं मी जाणते, माझं तू जाणतेस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलेच दात, आपलेच ओठ.

हे वाच आणि जाळून टाक. २४ तारखेला फक्त एवढंच सांग, मुलगी आली, नळी घातली, त्रास सुरू झाला. सगळं खरंच आहे त्यात. एक शब्दही खोटा नाही.

तू मला सात वर्षांची असताना उचलून आणलंस. आता पुन्हा एकदा उचल.

शहाणी

२७ मार्च

शहाणे,

तुझं पत्र तेवीस तारखेला दुपारी आलं. पोस्टमन म्हणाला, "आजी, जड आहे हो." मी म्हटलं, "आमच्या पोरीचं अक्षरच मोठं आहे."

ती मॅडम तू असशील हे माझ्या मनात आलं नव्हतं. तुला वेळ देण्याइतकी मी हुशार नाही. पहिल्या पानावरचं ते एक वाक्य वाचून मी उठले आणि ह्यांच्या कामाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. तिथं अजून एक पुस्तक दाबाखाली आहे, कुणाचं ते कळत नाही, न्यायला कुणी आलेलं नाही. उभ्यानंच बाकीचं वाचलं.

तू लिहिलंस, लोक म्हणतील नवऱ्याला हातानं मारलं. लोक नंतर म्हणतील, मी आधीच म्हणते. रोज टाचांना तेल लावणारी बाई त्या दिवशी दोन मजल्यांचा कंटाळा करते, ह्याला काय म्हणायचं ते तुमच्या पुस्तिकेत नाही.

तुझ्या बोळ्याचा मला राग येत नाही. तो मला समजतो. तुटकी वस्तू चालती ठेवायची, ह्यात माझा संसार गेला. ह्यांनी वाळवी लागलेल्या पुस्तकांना कोऱ्या पानांचे जोड लावून उभं केलंय. पण जिथलं पान गेलं असेल तिथं ते कोरंच पान ठेवायचे. मी म्हणायचे, अहो, वाचणाऱ्याला चुकल्यासारखं होईल. ते म्हणायचे, व्हायलाच हवं.

सह्यांचाही राग आवरता येईल. साठ मुली, तीन बाया, जेवताना वही पुढं येते, माझ्या डोळ्यांपुढं येतं सगळं.

चिमट्याचा राग मला आवरत नाही. त्या सकाळी तू सगळ्यांच्या आधी उठलीस, आवरलंस, निघालीस. एवढ्या वाटेत तुला त्या मुलीचा चेहरा दिसला नाही? बोळा घातलास तो पुतळा वाचवायला. काढलास तो कशाला? आणि मग मला लिहिलंस, ती खोटं बोलते. मला, शहाणे.

तू म्हणतेस ती एकोणीस वर्षांची आहे, दुसरं काही शिकेल. तिच्या गळ्यात माणूस मारल्याचं आणि खोटं बोलल्याचं बांधून तिला काय शिकायला पाठवतेस?

आणि ती एकटी नाही. दोनशे चाळीस आकडा तूच लिहिलास. त्या मुली आज कुठं कुठं असतील, कुणाच्या तरी खाटेशी नळी हातात घेऊन उभ्या असतील, आणि नळी चुकू शकते हे त्यांतल्या बहुतेकींना ठाऊक नसेल. त्यांना कोण सांगणार? तू पुढच्या साठ जणींना नीट शिकवशील ह्यावर माझा विश्वास आहे. तू मेहनती आहेस, लहानपणापासूनच. पण गेलेल्या मुलींना पत्रं जायला हवीत, कॉलेजच्या शिक्क्याची, आणि ती प्राचार्यबाईच पाठवू शकतात. मी इथून किती लिहू, आणि कुणाला?

मी रात्रभर विचार केला असं लिहिणार नाही. मी झोपले. ह्यांना जाऊन दोन महिने होत आले, पहिल्यांदाच नीट झोप लागली, आणि त्याची मला लाजही वाटली.

तू नोकरी सोडून इथं आलीस तर तुझी खोली आहे तशी आहे. इथल्या दवाखान्यातली बाई विचारत होती, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं करायला कुणी मिळेल का. नोंदणी लागेल की नाही ते मला माहीत नाही. आली नाहीस तर मी लिहीत राहीन. उत्तर आलं नाही तरी लिहीन. दात आपलेच आणि ओठही आपलेच, म्हणून तर दुखतंय. दुसऱ्याचे असते तर मी तेवीस तारखेलाच उठून गेले असते.

पत्र जाळलं नाही. ह्या घरात वाचलेला कागद आजवर कुणी जाळलेला नाही.

तू गाडीवर घ्यायला येणार होतीस म्हणून मी एक गाडी आधीची धरली. तरी तू त्या खोलीबाहेरच्या बाकावर होतीस. "मावशी," म्हणून उठलीस. मी थांबले नाही. थांबले असते तर आत गेले नसते, म्हणून थांबले नाही. एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र.

तर तेवीस तारखेला तुझं पत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी समितीपुढं बसले, आधी खोकल्याचं आणि दूध मी ओतल्याचं सांगितलं, ते सगळं लिहून होईपर्यंत थांबले, वाचून खाली सही केली, आणि मग तुझं पत्र टेबलावर ठेवलं.

मावशी